नवाब, ब्लाऊजपीससह

देवणी गाय आमच्या लातूर जिल्ह्यातली, तिच्या नावाचा तालुका आमच्या जिल्ह्यात, आणि तरीही कृषी प्रदर्शनात आमच्या मंडळाला जागा मिळाली ती रसवंती आणि स्वच्छतागृह यांच्या मधली. का? तर आमची वेबसाईट नव्हती.

नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं होतं, "वेबसाईट?" मी अध्यक्षांकडे बघितलं. आमचे अध्यक्ष शेषेराव म्हणजे वळू अंगावर आला तरी तंबाखू मळायची न थांबवणारा माणूस. ते शांतपणे म्हणाले, "हाय की. गावाकडं हाय. येताना आणायची राहिली."

ती मुलगी हसली असती तर बरं झालं असतं. तिनं मान खाली घालून आमच्या नावापुढे फुली मारली. मग प्रदर्शन संपेपर्यंत लोक आमच्यापाशी येऊन दोनच गोष्टी विचारत राहिले. एक, "रस गोड आहे का?" आणि दुसरी इथं लिहिण्यासारखी नाही.

मी या 'देवणी जातिवंत गोपालक मंडळा'चा चिटणीस. नाव हनुमंत. पोटापाण्यासाठी लातुरातल्या एका खाजगी कॉलेजात कार्यालय अधीक्षक आहे. गावाकडे चुलतभावाच्या गोठ्यात माझ्या दोन गाई आहेत, पण त्या मला ओळखत नाहीत. मी जवळ गेलो की एक शेपटी मारते आणि दुसरी तोंड फिरवते. चिटणीस मला केलं ते इंग्रजीतून अर्ज लिहिता येतो म्हणून. प्रदर्शनानंतरच्या बैठकीत वेबसाईट काढायचा ठराव एकमतानं मंजूर झाला. ती कोणी काढायची, हा ठराव त्याहून लवकर मंजूर झाला.

बातमी कॉलनीत पोचायला वेळ लागला नाही. आमचे शेजारी रेवणसिद्ध अप्पा एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेत, पण आवाज अजून स्टँडवरच आहे. त्यांनी कंपाउंडवरून पुकारा केला, "वेबसाईट? त्यात काय ठिवलंय! माझ्या साडूचा पोरगा चहा पिता पिता करतो." पलीकडच्या कुलकर्णी वहिनींचा भाचा करत होता. इस्त्रीवाल्याचा जावई करत होता. लातुरात वेबसाईट न करणारा माणूस फक्त मी उरलो होतो. एकानं तर सल्ला दिला की वेबसाईटचा जमाना गेला, तुम्ही गाईचं रील काढा, गाय नाचवा.

अप्पांच्या साडूच्या मुलानं खरंच एक करून आणली. उघडली की सनई सुरू व्हायची. ती बंद करायची सोय कुठंच नव्हती. शेवटी मी फोनच बंद केला. प्राचार्यांच्या केबिनमध्ये पुन्हा चालू केला, तर सनई जिथं थांबली होती तिथून पुढे सुरू झाली. प्राचार्य म्हणाले, "कुणाचं लग्न?"

मग कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं नांदेडच्या शिल्पा मॅडमचं नाव सुचवलं. त्यांनी त्याच्या मेहुणीच्या साडीच्या दुकानाची वेबसाईट केली होती. "लई खटपटी बाई आहे," तो म्हणाला, "पण काम चोख." मी नांदेडची बस धरली.

झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली. कॉम्प्युटरचे दोन पडदे, गळ्यात हेडफोन, समोर थंड झालेला चहा. तिशीतल्या शिल्पा मॅडमनी मला बसायला सांगितलं आणि डॉक्टर नाडी बघतात तशा चेहऱ्यानं विचारलं, "वेबसाईटनं नेमकं काय काम करायचं सर?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. म्हणालो, "असायला पाहिजे."

"मजकूर, फोटो कधी देऊन राहिलात?"

"ते तुम्हीच नाही का करणार?"

"सर, शिंप्याकडं कापड आपण नेतो का शिंपी आणतो?"

कार्यालय अधीक्षकाला असं कुणी बोलत नाही. बोलतो तो मी. त्या पुढे म्हणाल्या, "आणि एक. माझ्याशी बोलणारा माणूस एकच पाहिजे. सगळ्यांनी फोन करायचे न्हाईत." मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. परतीच्या बसमध्ये अहमदपूर यायच्या आधी आमच्या मंडळाच्या तीन सभासदांचे त्यांना फोन जाऊन आले होते.

पहिला नमुना आला आणि मंडळात वणवा पेटला. वरती हिरवीगार टेकडी आणि तिच्यावर एक काळीपांढरी, गुबगुबीत, परदेशी गाय. फोटो मिळेपर्यंत मॅडमनी तात्पुरती बसवलेली. अध्यक्षांचा फोन आला तेव्हा त्यांचा श्वास लागला होता.

"सर, ही कोण बाई हाय?"

"गाय आहे ती."

"गाय? वशिंड कुठंय तिचं? पाठ बघा, इस्त्रीच्या टेबलासारखी! कान आडवे! आपल्या देवणीचे कान कसे खाली लोंबते पाहिजेत. सर, तुम्ही मंडळाच्या दारात सवत आणून बसवली!"

मी मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्हीच काळीपांढरी म्हणाला होतात." हे खरं होतं. ते खरं होतं याचाच मला जास्त राग आला.

मग प्रश्न उभा राहिला तो असा, की सवत हाकलल्यावर तिच्या जागी कुणाला बसवायचं. देवणीत तीन वाण: तोंड काळं तो वानेरा, पांढराशुभ्र तो बालंक्या, ठिपक्यांचा शेवरा. आमच्या कार्यकारिणीत तिन्ही वाणांचे कट्टर पुरस्कर्ते आहेत आणि प्रत्येकाच्या दारात एक वळू आहे. एकेका वाणाचे गुण सांगता सांगता मंडळी एकमेकांच्या सोयरिकींवर आली. मॅडमनी तोडगा काढला: फोटो आपोआप सरकत राहतील, सगळ्यांची पाळी येईल. एक दिवस शांततेत गेला. मग एका सभासदानं तक्रार केली की त्याचा वळू बाकीच्यांपेक्षा लवकर सरकतो. त्यानं घड्याळ लावून बघितलं होतं.

शेवटी कार्यकारिणीत नसलेल्या माणसाचा वळू घ्यायचा, असं ठरलं. निलंग्याकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, शिवम्मा नावाच्या बाई आहेत. त्यांचा नवाब. मी आणि शिल्पा मॅडम फोटो काढायला गेलो. दारात तो उभा होता: ठिपक्यांचा अंगरखा, लोंबते कान, आणि आपल्याला बघायला लोक येणारच अशा थाटाची मान. शिल्पा मॅडमनी कॅमेरा खाली घेतला आणि नुसत्याच बघत राहिल्या.

शिवम्मांचे यजमान वारले, मुलगा पुण्याला कंपनीत. गुडघे धरलेले. नवाबला त्यांनी वासरापासून हातानं वाढवलेला. "माझ्यानं आता होईना सर," त्या म्हणाल्या. "द्यायचा तर हाय. पण बाजारात न्हाई उभा करणार. माणूस बघून देईन. मी बघून. तुम्ही हायत म्हणून फोटू काढू दिला."

मी पुन्हा छातीवर हात ठेवला. ही सवय मोडायला पाहिजे, हे मला नंतर कळलं.

आठवड्याभरात मॅडमनी एक लिंक पाठवली. सोबत निक्षून लिहिलं होतं: 'ही फक्त चाचणी आहे. रचना बघा. खालचा मजकूर साडीच्या दुकानाचा आहे, जागा भरायला टाकलाय. कुणालाही पाठवू नका.'

मी कुणालाच पाठवली नाही. फक्त अध्यक्षांना पाठवली, कारण ते अध्यक्ष आहेत. खाली स्पष्ट लिहिलं, 'कुणालाही पाठवू नये'. अध्यक्षांनी ती आपल्या सगळ्या ग्रुपांवर पाठवली, माझ्या ओळीसकट. आणि 'कुणालाही पाठवू नये' असं लिहिलेली वस्तू आपल्याकडे ज्या वेगानं जाते, त्या वेगानं ती देवणीहून कंधार, कंधारहून धर्माबाद करत तेलंगणाच्या हद्दीला जाऊन टेकली.

मी दुपारच्या डब्याच्या वेळी ते पान नीट उघडलं आणि हातातला घास डब्यात परत ठेवला. वर नवाबचा तो रुबाबदार फोटो. त्याखाली: 'सणासुदीची खास सवलत. मऊ पोत, अंगावर छान बसतो. फ्री साईज. रंग जाणार नाही याची हमी. पहिल्यांदा कोमट पाण्यात वेगळा धुवावा. ब्लाऊजपीससह. घरपोच. न आवडल्यास सात दिवसांत परत.' शेजारी 'टोपलीत टाका' असं बटण. आणि सगळ्यांत खाली संपर्कासाठी माझा पत्ता आणि दोन फोन नंबर, पहिला माझा, दुसरा अध्यक्षांचा.

मी मॅडमना फोन लावणार, तेवढ्यात प्राचार्यांनी परीक्षेच्या बैठकीला बोलावलं. सनईच्या प्रकरणापासून बैठकीत माझा फोन बंद असतो. बाहेर येऊन चालू केला तर अध्यक्ष.

"सर! ऑर्डर आली! वेबसाईट चालायला लागली! धर्माबादचा किशन म्हणून हाय. बटन दाबलं त्यानं. 'अभिनंदन, तुमची ऑर्डर स्वीकारली' असं आलं त्याला. तुमचा फोन लागंना, मग मला लावला."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हणलं, हाव, पाठवतो. आपल्या मंडळाची जबान हाय. नवाबला गाडीत घातला बी."

"शिवम्मा हो म्हणाल्या?"

पलीकडे जरा खाकरल्याचा आवाज आला. "त्यांना सांगितलं, लातूरला अजून फोटू काढायचेत. नंतर समजावता येईल ना."

"आणि गाडी कुठं पाठवलीत?"

"तुमच्या घरी. पत्ता तुमचाच हाय की. माल तिथून सुटतो."

मी स्कूटरवर घरी पोचलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी रेवणसिद्ध अप्पा उभे राहून वाहतूक वळवत होते. "डावीकडून! रिक्षा डावीकडून! मधी थांबायचं न्हाई!" निवृत्तीनंतर इतका प्रसन्न चेहरा मी त्यांचा बघितला नव्हता. आमच्या फाटकाच्या आत, जिथं माझी स्कूटर उभी असते तिथं, नवाब उभा होता. पायरीवर माझी बायको उज्वला.

"अहो," ती फार हळू आवाजात म्हणाली, "तुमचे पाहुणे पाणी प्यायले."

"पिऊ दे ना, मुकं जनावर आहे."

"ड्रम प्यायले."

लातूरकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. नळाला पाणी येऊन दोनच दिवस झाले होते आणि पुन्हा कधी येईल हे नळालाच ठाऊक. आमच्या घरात आंघोळीचं पाणी भाजीला, भाजीचं झाडाला असं फिरतं. नवाबनं तो सगळा हिशेब तीन घोटांत मिटवला होता. वर तोंडी लावायला कढीपत्त्याचं झाड, अप्पांचं पायपुसणं आणि कुलकर्णी वहिनींची मनीप्लँट.

कॉलनीत दोन पक्ष पडले. एक पक्ष सकाळसंध्याकाळ पोळी घेऊन येऊन हात जोडायचा. दुसरा व्हॉट्सअॅपवर 'निवासी वसाहतीत जनावर बांधण्याबाबत' असे लांब संदेश टाकायचा. कुलकर्णी वहिनी सकाळी पोळी द्यायच्या आणि दुपारी संदेश टाकायच्या.

मी किशनला फोन करून सांगितलं की गैरसमज झालाय. तो म्हणाला, "सर, आता फिरू नका. मी गावात सांगून बसलोय. घरपोच लिवलंय, घरपोच द्या." शिवम्मांना फोन करायचं धाडस मला झालं नाही. दोनदा नंबर काढला, दोनदा फोन खिशात ठेवला. निदान जनावर परत तरी पाठवू म्हणून गाडी बघितली, तर गाडीवाला म्हणाला, "येताना आलं असंल सर, पण मी डॉक्टरच्या दाखल्याशिवाय न्हाई चढवणार. वाटेत धरलं तर तुम्ही येणार का सोडवायला?"

म्हणून जनावरांचे डॉक्टर आणले. मुद्दाम लांबच्या दवाखान्यातले, ओळखीतून. त्यांनी नवाबच्या कानातला पिवळा बिल्ला वाचला, फोनवर सरकारी सिस्टीममध्ये तो नंबर टाकला, आणि भुवया उंचावल्या.

"ही गाय आहे."

"कोण?"

"ही. चार वर्षांची. सात महिन्यांची गाभण. गाभण गाईला मी प्रवासाचा दाखला देऊ शकत नाही."

मी नवाबकडे बघितलं. नवाबनं डॉक्टरांकडे बघितलं. "डॉक्टरसाहेब, जरा खाली वाकून बघा ना," मी म्हणालो.

"मला दिसतंय हो! सिस्टीमला दिसत नाही." नोंद करताना कुणाचं तरी बोट घसरलं होतं. दुरुस्तीचा पासवर्ड ज्यांच्याकडे होता ते प्रशिक्षणाला गेले होते. संध्याकाळी मी शिल्पा मॅडमना फोन करून विचारलं की तुम्हाला ती सिस्टीम दुरुस्त करता येईल का. त्या म्हणाल्या, "सर, ती माझी वेबसाईट नाही. आणि जी माझी आहे ती तुम्ही कुणाला पाठवली, ते आधी सांगा." मी सांगितलं. त्यांनी सगळ्या ग्रुपांची नावं लिहून घेतली. मग म्हणाल्या, "मी येते."

त्या आल्या त्याच सकाळी बाकीचेही आले. आधी किशन आला. चाळिशीचा, काटक, हातात नवा कासरा आणि घंटा. माल पोचत नाही म्हणून स्वतः न्यायला आला होता. नवाबला बघून त्यानं नुसते हात जोडले. मग माझ्याजवळ येऊन कानात विचारलं, "सर, ब्लाऊजपीस कुठंय? मंडळी म्हणाली, आठवणीनं आणा."

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि शिवम्मा उतरल्या. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. लिंक सगळीकडे गेली होती, त्यांच्याकडेच तेवढी उशिरा गेली असणार. गुडघ्यावर हात ठेवत त्या फाटकापर्यंत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"फोटू काढायचा म्हणून नेला, आन् माझ्या लेकराचं परस्पर लगीन लावलाव? सर, अध्यक्षाला मी ओळखते. त्यांचं मी धरत न्हाई. तुम्हाला धरते."

मला सगळं सांगता आलं असतं. साडीचं दुकान, चाचणीची लिंक, बंद फोन. पण त्या वाक्यापुढे यातलं काही तोंडातून निघेना. "चुकलं मावशी," एवढंच म्हणालो. अध्यक्षांना फोन लावला, तर त्यांच्या शेतात अचानक रेंज नव्हती.

शिवम्मा नवाबजवळ गेल्या. "बा, बा," असं काहीतरी कन्नडात पुटपुटल्या. त्या एवढ्या मोठ्या जनावरानं मान खाली घालून त्यांच्या खांद्यावर टेकवली. फाटकाबाहेर पोळी घेऊन आलेला पक्ष आणि संदेश टाकणारा पक्ष, दोघेही फाटकाला टेकून बघत होते. अप्पासुद्धा कुणाला डावीकडून जायला सांगेनात.

मग किशन पुढे झाला. हातातला कासरा त्यानं पायरीवर ठेवला. "अम्मा, मला ठाऊक न्हवतं. मला वाटलं तुमची मर्जी हाय. मी जातो माघारी."

शिवम्मांनी त्याला खालून वर बघितलं. "काय करतोस?"

"मिरची हाय थोडी. सोयाबीन. देवणीच्या चार गाई हायत. आमच्याकडं जातिवंत वळूच उरला न्हाई, म्हणून बटन दाबलं."

"दावणीचं कोण बघतंय?"

"मी अन् बायको."

"मग बायको का न्हाई आली?"

"ती..." किशन अडखळला. "ती ब्लाऊजपीसची वाट बघून राहिली."

शिल्पा मॅडमनी तोंडावर ओढणी धरली. मी जमिनीकडे बघितलं. शिवम्मांना काय प्रकार आहे ते उज्वलानं समजावलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा दगडासारखा होता, फक्त हनुवटी हलायला लागली. 'कोमट पाण्यात वेगळा धुवावा' इथं पोचल्यावर मात्र त्या पायरीवर बसल्या आणि पदर डोळ्याला लावून हसल्या. हसल्या की रडल्या, ते नीट कळलं नाही.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "पाज त्याला पाणी. बघू."

उज्वलानं बादली भरून आणली. ती आमची शेवटची बादली होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं नाही. किशन समोरून गेला नाही. बाजूनं गेला, आधी वशिंडावर हात ठेवला, आणि हळू म्हणाला, "नीळ्ळु, नीळ्ळु तागु."

"त्याला तेलुगू कळत न्हाई," शिवम्मा म्हणाल्या. "आमच्याकडं पाण्याला नीरु म्हणत्यात."

"नीरु," किशन म्हणाला. नवाबनं बादलीत तोंड घातलं.

"बरं. पाण्याची अडचण न्हाई," त्या म्हणाल्या. "ये म्हणायचं असंल तर 'बा'. थांब म्हणायचं तर 'निल्लु'. म्हण."

तो म्हणाला. आमच्या फाटकात मग तासभर कन्नडचा वर्ग चालला. फाटकाबाहेरची मंडळीही म्हणायला लागली. अप्पांच्या तोंडून सुटलेला 'निल्लु' ऐकून रस्त्यावरचा रिक्षावाला खरंच थांबला.

शेवटी शिवम्मा उठल्या. "सर, सात दिवसांत परत असं लिवलंय का तिथं?"

"मावशी, ते साडीचं होतं."

"कशाचं का असंना. सातव्या दिवशी मी येते धर्माबादला, पैशाचं तवाच बघू. बारीक झालेला दिसला तर माघारी आणते."

"सात काय अम्मा," किशन म्हणाला, "कवाबी या."

राहिला दाखला. प्रशिक्षणाहून परतलेल्या साहेबांनी पासवर्ड दिला, पण गाभण गाईचं थेट वळूत रूपांतर करायची सोय सिस्टीममध्ये नव्हती. आधी गाभण ही नोंद काढावी लागणार होती, आणि ती काढायला दोनच कारणं होती: मेली किंवा व्याली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "व्याली करा." त्याप्रमाणे नवाब कागदोपत्री सुखरूप व्याला, मग त्याचा वळू झाला, आणि मग त्याला धर्माबादला जायची परवानगी मिळाली.

गाडीत चढवताना उज्वला आतून आली. नवाबच्या कपाळाला तिनं हळदकुंकू लावलं आणि किशनच्या हातात एक घडी ठेवली. तिच्या दिवाळीच्या साडीतला ब्लाऊजपीस होता, न शिवलेला. "वहिनींना द्या," ती म्हणाली. "लिहिलं होतं ना."

शिल्पा मॅडमनी त्याच दिवशी माझ्यासमोर बसून ते पान काढून टाकलं. सवलत गेली, टोपली गेली, बटण गेलं. आता नवीन वेबसाईट आहे: फोटो, वाण, मालकाचं नाव, एक फोन नंबर, आणि 'आधी येऊन मालकाला भेटावे' ही ओळ. मॅडमशी मी एकटाच बोलतो. बाकीच्यांचे नंबर त्यांनी ब्लॉक केलेत, त्यात अध्यक्षही आले.

सातव्या दिवशी शिवम्मा खरंच धर्माबादला गेल्या. परत एकट्याच आल्या.

वेबसाईट सुरू झाल्यावर महिन्याभरानं मॅडमचा फोन आला. "सर, नवाब तर दिला ना? मग त्याचा पहिल्या पानावरचा फोटो काढून दुसरा लावू का?"

"लावा की."

"पण एक विचित्र गोष्ट बघून राहिले मी. निलंग्याकडून रोज सकाळी एकजण येतं. पहिल्या पानावर दहा-दहा मिनिटं थांबतं. कुठंच काही दाबत नाही. मग जातं."

मी शिवम्मांच्या शेजारणीला फोन केला. "हाव," ती म्हणाली. "मावशी येत्यात सकाळी. चहा घेत घेत माझ्या फोनमध्ये बघत बसत्यात. मी म्हणलं, मावशी, फोटू तोच हाय रोज. तर म्हणत्यात, असू दे."

मी कार्यकारिणीसमोर विषय ठेवला. कुणीही आपल्या वळूचं नाव पुढे केलं नाही. अध्यक्षांनी तंबाखू मळायची थांबवली. "राहू द्या तिथंच," ते म्हणाले. कुणीच काही बोललं नाही, म्हणजे मंजूर झालं.

परवा उदगीरहून एकाचा फोन आला. "सर, तो पहिला वळू पाहिजे."

"तो दिला. दुसरे आहेत खाली."

"मग दिलेला पुढं कशाला ठिवलाय?"

"त्याला बघायला एक बाई येतात," मी म्हणालो. "रोज."

मग तो म्हणाला, "मग नका काढू. मी खाली बघतो."